हँडल दोन बोटं मागं घ्या!

धाराशिव-तुळजापूर रस्त्यावर सकाळी नऊला एखाद्या चहाच्या टपरीवर बसा. समोरून एमएच-२५च्या दुचाक्यांची रांग सुटलेली असते. नंबर बघू नका, मॉडेल बघू नका, फक्त कोपरं बघा. स्प्लेंडरवरच्या तलाठी साहेबांचे हात विहिरीतून पोहरा ओढल्यासारखे ताठ. स्पोर्ट्स बाइकवरचं कॉलेजचं पोरगं टाकीला पालीसारखं चिकटलेलं. बुलेटवरच्या पाहुण्यांची छाती पुढं, हात वर, जणू वरातीत घोड्यावर बसलेत. मागून एम-८० वर दूध घेऊन येणारे आजोबा मात्र खुर्चीत बसल्यासारखे निवांत. चौघांत गाडी सगळ्यांत स्वस्त आजोबांची आणि खांदे सगळ्यांत ढिले त्यांचेच.

कोपर खोटं बोलत नाही. ते ताठ असेल तर हँडल लांब आहे, बरगडीला टेकत असेल तर हँडल फार जवळ आलंय. किंचित वाकलेलं, खांदा सैल, मनगट सरळ, एवढं जमलं की माप बसलं. वाचायला सोपं आहे, पण गाडी घेताना हे कुणी बघत नाही. आपण अ‍ॅव्हरेज विचारतो, रंग बघतो, हप्ता मोजतो. हात पुरतो का, हे पहिल्या सर्व्हिसिंगनंतर पाठ बोलायला लागली की आठवतं.

रुमण्याला माप होतं

नांगराच्या ज्या दांड्याला धरून शेतकरी मागं चालायचा, ते रुमणं. वरच्या टोकाला मूठ. बलुतेदारीच्या काळात गावचा सुतार नांगर घडवायचा, तेव्हा धरणारा माणूस त्याच्या ओळखीचा असायचा. उंच गड्याला आखूड रुमणं दिलं तर दुपारपर्यंत त्याची कंबर धरणार, बुटक्याला लांब दिलं तर मूठ छातीशी येणार. शिवारात हँडल माणसाच्या मापाचं असायचं ते असं.

मोटारसायकलच्या कारखान्याला तुमची ओळख नाही. तो एक हँडल बनवतो, लाखो गाड्यांना बसवतो. त्या गाडीवर पाच फूट दोन इंचाची आशाताई बसते आणि सहा फुटाचा पैलवानही बसतो. दोघांचे हात एकाच जागी पोहोचतील ही अपेक्षा म्हणजे गावाला एकाच मापाच्या चपला वाटणं. चपलेचा नंबर मात्र आपण दुकानात मागून घेतो.

आधी डोळे मिटा

हँडल लांब आहे की जवळ, हे कळायला फीत लागत नाही. गाडी मेन स्टँडवर लावा. रोज बसता तसे बसा, शायनिंग न मारता. पाय फुटरेस्टवर. डोळे मिटा, खांदे एकदा वर घेऊन सोडून द्या आणि हात पुढं करून हवेतच मुठी वळा, जिथं त्यांना आपसूक थांबावंसं वाटेल तिथं. आता डोळे उघडा. मुठी हँडलच्या मागं दोन बोटं असतील तर हँडल दोन बोटं मागं यायला हवं. बरोबर वर असतील तर ते उंच व्हायला हवं. हँडलवरच पडल्या तर उतरा आणि खर्च वाचल्याबद्दल पेढा खा. कुंथलगिरी काही लांब नाही.

सायकलवाल्यांकडं अशीच एक जुनी युक्ती आहे. कोपर सीटच्या टोकाला टेकवायचं आणि मधलं बोट हँडलकडं पसरायचं. आपल्याकडं कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंतच्या अंतराला ‘हात’ म्हणत आणि कापड, दोरी, खड्डा सगळं त्यात मोजत. ज्याच्या त्याच्या अंगावरची ही मोजपट्टी. व्यापारात तिनं भांडणं लावली असतील, गाडीच्या बाबतीत तिच्याइतकं खरं माप दुसरं नाही.

कोणत्या बोटाला मुंग्या?

सोलापूरहून तुळजापूरला पंचेचाळीसेक किलोमीटर आलात आणि उतरल्यावर करंगळी बधिर? हातात दोन मोठ्या नसांचा कारभार वेगवेगळा आहे. करंगळी आणि अनामिकेचा अर्धा भाग अल्नर नसेकडं. अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेचा उरलेला अर्धा भाग मीडियन नसेकडं. करंगळीला मुंग्या येत असतील तर तळव्याच्या बाहेरच्या कडेवर भार पडतोय, म्हणजे तुम्ही हँडलवर रेलताय. अंगठ्याच्या बाजूला मुंग्या येत असतील तर बहुधा मनगट वाकडं धरलं जातंय.

आता यातली स्वस्त गंमत ऐका. मनगट वाकडं असण्याचं कारण पुष्कळदा हँडल नसतंच, क्लच आणि ब्रेकचं लिव्हर असतं. ते आडवं किंवा वर उचललेलं असेल तर बोटं त्यावर ठेवताना मनगट मागं मोडतं. लिव्हरच्या क्लॅम्पचा बोल्ट ढिला करून ते किंचित खाली फिरवा. हाताच्या सरळ रेषेत बोटं आली की बोल्ट आवळा. खर्च शून्य, वेळ पाच मिनिटं. माझं दोन वर्षांचं मनगटाचं दुखणं एवढ्यावर गेलं, आणि त्याआधी मी तेलं, पट्टे, मलमं यांत किती घातले ते घरी सांगितलेलं नाही.

हँडलही फिरतं, हे अनेकांना माहीत नसतं. नळीचं एकसंध हँडल असलेल्या गाडीवर मधले क्लॅम्प ढिले केले की हँडल थोडं मागं किंवा पुढं फिरवता येतं. काही अंशांचा फरक, पण मुठीपाशी तो बोटभर होतो. अनेक गाड्यांच्या हँडलवर आणि क्लॅम्पवर बारीक ठिपका कोरलेला असतो. तो कारखान्याच्या मापाची खूण. फिरवण्याआधी तो बघून ठेवा, म्हणजे पुन्हा मूळ जागी येता येईल. हँडलच्या मधोमध खरबरीत दाणेही असतात. ते शोभेचे नाहीत, क्लॅम्पमध्ये नळी घसरू नये म्हणून आहेत.

रायझर वर नेतो आणि मागंही आणतो

आता रायझर. हँडल आणि त्याखालची ‘टी’ यांच्यामध्ये बसणारे धातूचे ठोकळे. मिस्त्री लोक शॉकअप धरून ठेवणाऱ्या त्या आडव्या पट्टीला टीच म्हणतात. पाटाखाली विटा लावाव्यात तसे हे ठोकळे.

पण विटेपेक्षा इथं एक गंमत जास्त. गाडीचा पुढचा शॉकअप सरळ उभा नसतो, मागं कललेला असतो, साधारण २५ अंश धरा. ठोकळाही त्याच रेषेत बसतो. त्यामुळं ३० मिलिमीटरचा रायझर लावला की हँडल सुमारे २७ मिलिमीटर वर जातं आणि १२-१३ मिलिमीटर तुमच्याकडं सरकतं. एका दगडात दोन पक्षी, तेही सरळ ठोकळ्यात. मागं ओढलेले खास रायझर मिळतात, त्यांत ही सरक आणखी वाढते.

मग सगळ्यांनीच का लावू नयेत? कारण हँडल वर गेलं की धड उभं होतं, आणि धड उभं झालं की सगळा भार माकडहाडावर. पुढं किंचित झुकलेला माणूस खड्डा हात, पाय आणि कंबर मिळून झेलतो. ताठ बसलेल्याचा खड्डा थेट मणक्यात जातो. येडशीच्या घाटात हे एकदा अनुभवलं की पुन्हा विचारावं लागत नाही. शिवाय वारा. वेग दुप्पट झाला की वाऱ्याचा जोर चौपट होतो. गावात ताशी ४० ने जाताना ताठ बसणं म्हणजे सुख. नळदुर्गहून उमरग्याकडं हैदराबादच्या महामार्गावर ८० ला लागलात की तीच छाती शिडासारखी फुगते आणि हात हँडलला लोंबकळायला लागतात. ज्या हँडलनं बाजारहाट सोपा केला तेच लांबच्या प्रवासात खांदे काढतं.

माझं मत विचाराल तर रोजच्या वापरात २० ते ३० मिलिमीटरच्या पुढं जाण्याची गरज फार थोड्यांना असते. जास्त लागतंय असं वाटलं तर हँडलचा आकारच बदलावा.

वायर म्हणेल तेवढंच

एका मिस्त्रीच्या गॅरेजात ऐकलेला संवाद.

“मामा, हे रायझर लावा. पन्नासचे आहेत.”

“लावताव की. पण वायर कोण लांब करनार, तुझा काका?”

मामांचं बरोबर होतं. हँडलला क्लचची वायर येते, रेसची वायर येते, ब्रेकचा पाइप येतो आणि स्विचच्या तारांचा जुडगा येतो. कारखान्यानं त्यांना मोजून लांबी दिलेली असते. हँडल वर नेलं की सगळ्या ताणतात. म्हणून कुठलाही बदल केला की एक परीक्षा सक्तीची. गाडी सुरू करून न्यूट्रलमध्ये ठेवा आणि हँडल डाव्या टोकापासून उजव्या टोकापर्यंत पूर्ण फिरवा. इंजिनचा आवाज जरा जरी चढला तर रेसची वायर ताणलेली आहे. असं हँडल घेऊन वळलात तर वळणावर गाडी स्वतःहून रेस घेईल. त्याच वेळी बघा, मूठ टाकीला घासते का, अंगठा चेपतो का, ब्रेकचा पाइप ओढतो का.

क्लचचंही बघा. बहुतेक साध्या गाड्यांत लिव्हरच्या टोकाला १० ते २० मिलिमीटर मोकळीक हवी. ती गेली की क्लच कायम अर्धवट दाबलेला राहतो, प्लेटा झिजतात आणि दोष गाडीच्या कंपनीला मिळतो.

नवीन हँडल आणलं तर आणखी एक अडचण दुकानदार सांगत नाही. अनेक गाड्यांच्या स्विचच्या डबीत एक बारीक पिन असते आणि ती जुन्या हँडलच्या भोकात बसते. नव्या हँडलला तसं भोक नसतं. मग एकतर भोक पाडायचं किंवा पिन घासून टाकायची. पिन घासली तर डबी फिरू शकते आणि ऐन वेळी हॉर्नऐवजी हात भलत्याच बटनावर पडतो. भोक पाडणं चांगलं, पण मापून, एकदाच.

बावीस, पंचवीस, अठ्ठावीस

हँडल विकत घेताना आकाराआधी जाडी. आपल्याकडच्या बहुसंख्य गाड्यांच्या हँडलची नळी २२ मिलिमीटरची, म्हणजे सात-अष्टमांश इंच. हार्लेसारख्या मोठ्या अमेरिकन गाड्यांत एक इंच, २५.४ मिलिमीटर. तिसरा प्रकार मधोमध जाड, २८.६ मिलिमीटर, आणि मुठीपाशी पुन्हा २२. याला फॅट बार म्हणतात. तो घ्यायचा तर क्लॅम्पही त्या मापाचे लागतात. जाड नळीला बारीक क्लॅम्प बसवायला कुणी कागदाच्या घड्या घालायला निघाला तर त्याच्या हातातली पाना-पक्कड काढून घ्या.

आता एक फुकटची पैज जिंकून देतो. डाव्या आणि उजव्या हाताचं ग्रिप सारखं असतं का? मित्र म्हणेल, हो. नसतं. डावं थेट नळीवर बसतं, उजवं नळीवरच्या फिरत्या बाहीवर. म्हणून उजव्याचं भोक दोन-तीन मिलिमीटर मोठं. डावं उजवीकडं चढत नाही आणि उजवं डावीकडं गरगर फिरतं.

दुसरी पैज आरशाची. अनेक यामाहा गाड्यांवर उजव्या आरशाचे आटे उलटे असतात. समोरून आरशाला धक्का बसला तर तो आवळण्याऐवजी सुटावा, ही त्यामागची कल्पना. हे माहीत नसलेला माणूस आरसा काढायला जातो, जोर लावतो, आणखी आवळतो, आणि शेवटी आटेच खातो.

रुंदीचा हिशेब

लांब तरफेला कमी जोर लागतो, हे शाळेत शिकलो होतो. ७० सेंटिमीटरच्या हँडलवर प्रत्येक हात मध्यापासून ३५ वर असतो. ८० च्या हँडलवर ४० वर. तेवढंच वळवायला आठव्या हिश्श्यानं कमी जोर. काळ्या मातीच्या चिखलात वस्तीवर जाताना ही रुंदी देवासारखी वाटते. नवरात्रात तुळजापुरात, मंदिराच्या भोवतालच्या गल्लीत, हारवाल्याचा गाडा आणि प्रसादाचं दुकान यांच्यामधून निघायचं असेल तर तीच रुंदी पापासारखी वाटते.

रुंद हँडलचा दुसरा दोष असा की हात बाहेर पसरतात आणि मनगटं आत मोडतात. कापून घेता येतं, दोन्ही बाजूंनी सारखं, पण आधी लिव्हर आणि स्विच आत सरकायला जागा आहे का ते बघूनच करवत लावायची. कापलेला तुकडा परत जोडता येत नाही. वेल्डिंगवाला जोडून देतो म्हणाला तर हसून नमस्कार करा. वाकलेल्या हँडलचंही तसंच. गॅरेजात लोखंडी पाइप घालून ते सरळ करून देतात आणि ते दिसतंही सरळ. पण धातू एकदा वाकून पुन्हा सरळ झाला की त्या जागी थकलेला असतो, आणि अ‍ॅल्युमिनियम तर कुठलीच सूचना न देता तुटतं.

जगाच्या पाठीवर हात कुठं कुठं पोहोचले

जर्मनीत कार्ल ड्राइस यानं १८१७ मध्ये पायानं ढकलायची दोन चाकांची लाकडी गाडी काढली, तेव्हा पुढचं चाक वळवायला दांडा दिला. तिथून पुढं हँडलानं काय काय कामं अंगावर घेतली ते बघा. अमेरिकेतल्या सिल्व्हेस्टर रोपर यानं १८६०च्या दशकाच्या अखेरीला वाफेवरची दुचाकी केली, तिचं हँडल पुढं पिळलं की वेग आणि मागं पिळलं की ब्रेक. आज आपण मूठ पिळतो ती सवय अशी जुनी. आपल्या घरच्या बजाज चेतकनं तर गिअरसुद्धा डाव्या मुठीत कोंबला. क्लच दाबून मूठ फिरवायची. नव्या पोरांना त्यावर बसवून बघा, पहिल्या चौकात कॅबरे होतो.

आणि हा रोली फ्री. १३ सप्टेंबर १९४८, अमेरिकेतल्या बोनव्हिलच्या मिठाच्या मैदानावर तो व्हिन्सेंट गाडी घेऊन उतरला. कातडी कपड्यांत ताशी १५० मैलांचा आकडा थोडक्यात हुकत होता. गड्यानं कपडे काढले, पोहण्याची चड्डी ठेवली, गाडीवर पालथा पडला, पाय मागं सरळ, हात पुढं हँडलला. आणि १५०.३१३ मैल, म्हणजे सुमारे २४२ किलोमीटर. तो फोटो मोटारसायकलींच्या इतिहासातला सगळ्यांत प्रसिद्ध फोटो असावा. त्याला खांदे दुखले का, हे मात्र कुणी विचारलेलं दिसत नाही.

याच्या बरोबर उलट टोक म्हणजे अमेरिकन चॉपरचं उंच हँडल. हात खांद्याच्याही वर. इंग्रजीत त्याला दिलेलं नाव फांदीला लटकलेल्या माकडावरून आलंय. १९६९ च्या ‘ईझी रायडर’ सिनेमानं ते जगभर नेलं. अमेरिकेतल्या काही राज्यांत हँडल किती उंच असावं यावर कायदाच आहे. हात सतत वर धरले की रक्त खाली उतरतं आणि बोटं गार पडतात, हे कुणाला पटत नसेल तर त्यानं घरी पंख्याचं पातं पुसून बघावं.

विमानवाल्या राइट बंधूंपैकी विल्बर राइटनं दुचाकीची एक गोम टिपून ठेवली होती. धावती गाडी डावीकडं वळवायची तर हँडल आधी किंचित उजवीकडं जातं. आपण सगळे रोज हे करतो आणि कुणाच्या लक्षात येत नाही. मोकळ्या रस्त्यावर बेतानं करून बघा. डाव्या मुठीला हलकंच पुढं ढकला, गाडी डावीकडंच झुकते. म्हणूनच हात ताठ असले की गाडी वळायला जड वाटते. कोपर वाकलेलं असेल तरच ढकलता येतं ना?

इंजिन तेच, माणूस वेगळा

हँडलनं गाडीचा स्वभाव किती बदलतो, याचा पुरावा दुकानातच आहे. रॉयल एन्फिल्डनं २०१८ मध्ये इंटरसेप्टर ६५० आणि कॉन्टिनेंटल जीटी ६५० अशी जोडी आणली. इंजिन एक, सांगाडा एक. एकीला उंच, मागं येणारं हँडल. दुसरीला शॉकअपला चिकटलेले खालचे दोन तुकडे, ज्यांना क्लिप-ऑन म्हणतात, आणि जोडीला मागं सरकलेले फुटरेस्ट. पहिलीवरून उतरलेला माणूस जेवायचं विचारतो, दुसरीवरून उतरलेला पाठ चोळतो. पुण्याजवळच्या चाकणमध्ये बनणाऱ्या केटीएमच्या ड्यूक २०० आणि आरसी २०० यांचंही तेच, २०१२ आणि २०१४ च्या या सख्ख्या बहिणी. एक उभी, एक आडवी.

क्लिप-ऑनवाल्यांसाठी वाईट बातमी. तुमच्या गाडीला साधे रायझर लागत नाहीत, कारण मधे नळीच नाही. उंची वाढवणारे वेगळे तुकडे किंवा टी बदलून एकसंध हँडल, एवढेच मार्ग, आणि दोन्ही खिशाला जड. ट्रायल घेताना दोन चकरांत भुलू नका. कंबर विसाव्या किलोमीटरला बोलते.

कॅन, कवड्या आणि झेंडू

आपल्या जिल्ह्यात हँडल नुसतं गाडी वळवत नाही. भूमच्या खव्यासाठी निघालेलं दूध, कळंबच्या बाजाराची भाजी, डबा, पिशवी, कोंबडी, सगळं त्याच्या जिवावर असतं. आता यातलं विज्ञान. दुधाचे कॅन मागच्या चाकाच्या आसाच्या मागं लोंबायला लागले की पुढचं चाक हलकं होतं आणि हँडल हातात तरंगायला लागतं. चढावर तर जास्तच. कॅन पुढं, पायांच्या जवळ सरकवले की तेच ओझं तीच गाडी शहाण्यासारखी नेते. हँडलला अडकवलेली पिशवी ही दुसरी खोडी. ती घड्याळाच्या लंबकासारखी झुलते आणि प्रत्येक झोक्याला हँडल ओढते.

आरशाला तुळजापूरची कवड्यांची माळ, मुठीला गोंडे, पुढं भगवा, खाली लिंबू-मिरची आणि बिब्बा, हा आपल्याकडचा साज. खंडेनवमीला त्यावर झेंडूचा हार. हार जरूर घाला. पूजा झाली की रेसच्या मुठीवरचा फुलांचा वेढा मात्र उतरवा. ओला दोरा बाहीत गुंतला की मूठ परत फिरत नाही, आणि सोनं वाटायला निघालेला माणूस एकदम पुढच्या गल्लीत जाऊन पोहोचतो.

मोबाइलचा स्टँडही हँडललाच. ॲपलनं २०२१ मध्ये आपल्या ग्राहकांना सांगितलं की मोठ्या मोटारसायकलच्या इंजिनाच्या थरथरीनं आयफोनचा कॅमेरा बिघडू शकतो. थरथर लेन्स स्थिर ठेवणाऱ्या नाजूक यंत्रणेला सोसवत नाही. त्याच थरथरीवर उतारा म्हणून हँडलच्या दोन्ही टोकांना वजनाची बोंडं असतात. चोरीला गेली म्हणून ती न लावता फिरणाऱ्यांच्या हाताला झिणझिण्या जास्त येतात. स्वस्त भाग आहे, लावून टाका.

पोलीस मामा काय म्हणतील?

मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. नोंदणीच्या पुस्तकातले तपशील कारखान्यानं दिलेल्या मूळ तपशिलापेक्षा वेगळे होतील असा बदल वाहनात करता येत नाही. केरळच्या एका प्रकरणात जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही हेच ठासून सांगितलं. दोन बोटांचा रायझर कुठं बसतो आणि माकडाचं हँडल कुठं बसतं, हे ज्यानं त्यानं आरटीओत विचारून घ्यावं. लिव्हर फिरवणं आणि क्लॅम्प ढिले करून हँडल जागच्या जागी फिरवणं यात काहीच बदललेलं नसतं, म्हणूनही मी पहिला मान त्यांनाच देतो.

याच कायद्याखालच्या १९८९ च्या नियमांत १२३ क्रमांकाचा एक नियम फार घरगुती आहे. मागं माणूस बसायची सोय असलेल्या दुचाकीला धरायला मूठ हवी, पाय ठेवायला जागा हवी आणि मागच्या चाकाचा किमान अर्धा भाग झाकणारं संरक्षण हवं, मागच्याचे कपडे अडकू नयेत म्हणून. लोकांनी त्याला साडीगार्ड म्हटलं. मागं एका बाजूला पाय सोडून बसलेल्या माणसाचं वजन चालवणाऱ्याला हँडलवर कळतं. गाडी त्या बाजूला किंचित ओढते आणि दुसरा खांदा नकळत झुकतो. नवऱ्याला वाटतं हँडल वाकडं आहे. गॅरेजवाला तपासतो, हँडल सरळ निघतं.

शेवटी मामांच्या गॅरेजातलीच गोष्ट. एक गृहस्थ गाडी घेऊन आले. घरात गाडी एक, चालवणारे तीन. स्वतः पाच फूट चार, मुलगा पाच फूट अकरा, मुलगी पाच फूट एक. हँडल नेमकं कुठं ठेवायचं? मामांनी तिघांना आळीपाळीनं बसवलं, डोळे मिटायला लावले, हातांच्या जागा बघितल्या. पोराच्या मुठी हँडलच्या पुढं गेल्या, पोरीच्या मागं राहिल्या, गृहस्थांच्या बरोबर हँडलवर पडल्या.

“मग कुठं बसवताव, मामा?”

मामांनी क्लॅम्प आवळला, पाना फडक्याला पुसला आणि पोरीकडं बघून म्हणाले, “तुला कालेजला रोज किती लांब जावं लागतंय, बाळा?”

“बत्तीस किलोमीटर. जाऊन-येऊन चौसष्ट.”

मामांनी क्लॅम्प पुन्हा ढिला केला आणि हँडल दोन बोटं मागं घेतलं.